चुंबकानं पुसलेला गाडा

यात्रेच्या आदल्या रात्री मी बॅगेतून कॅमेऱ्याचा चुंबकवाला माउंट काढला आणि सहज अंगणातल्या लोखंडी खाटेजवळ नेला. तो खाडकन चिकटला. आण्णा जेवता जेवता थांबले.

"ते लोहचुंबक कॅमेऱ्याला लावणारेस?"

"हो. घाटातल्या पाइपाला लावायचंय."

"मग कॅमेरा तरी कशाला आणलास? आतलं सगळं पुसून जाईल. विचार तुझ्या दादाला."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मंचरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि उद्यासाठी आणलेला कॅमेराही त्याचाच. तो समोरच बसला होता. त्यानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, बोलला काहीच नाही. गेली अकरा वर्षं आमच्या घरात हे वाक्य निघालं की तो असाच गप्प होतो.

आंबेगाव, जुन्नर, खेड या भागात ज्यांचं गाव नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे यात्रा म्हणजे बैलगाडा. चढावर आखलेली धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. चार बैल, मागे हलका गाडा, पुढे घोडीवर स्वार. एकेका गाड्याची बारी होते आणि नंबर ठरतो तो सेकंदांवर. लाउडस्पीकरवरचा निवेदक 'भिर्रर्र' म्हणतो, आणि बारा-तेरा सेकंदांत वर्षभराचा खुराक, मेहनत आणि भावकीतली इज्जत वर पोचलेली असते किंवा नसते. १९९९ साली आमचा गाडा पहिल्या नंबरात आला. मी तेव्हा दोन वर्षांची. आण्णांचा सोन्या बैल त्या गाड्याला होता आणि गावात लग्नाच्या शूटिंगसाठी आलेल्या माणसाला पैसे देऊन आण्णांनी ती बारी व्हीएचएस कॅसेटवर घेतली होती. सोन्याचं दुसरं चित्र आमच्याकडे नाही. एक फोटो आहे, त्यात त्याचं फक्त शिंग आलंय.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. त्या पावसाळ्यात आण्णांनी कॅसेट बाहेर काढली, शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला, चार माणसं बोलावली. पडद्यावर मुंग्या. आवाज थोडा आला, मग खर्रखर्र, मग व्हीसीआर बंदच पडला. कोणालातरी आठवलं, की दादा शाळेत असताना त्याच्या डेकच्या मोठ्या स्पीकरवर ही कॅसेट कितीतरी दिवस पडून होती. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. लोहचुंबकानं कॅसेट पुसते. खटला तिथंच निकाली निघाला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, दहाव्यालासुद्धा कोणीतरी म्हणतं, 'यानंच गाडा पुसला.' हसत म्हणतात, पण म्हणतात.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिते. त्या रात्री मच्छरदाणीत पडल्या पडल्या मला वाटलं, आण्णांचा प्रश्न वेडगळ नाही, फक्त जुना आहे. चुंबक कॅमेऱ्याला घातक का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' असण्याचा एक काळ होता. तो कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे नीट पाहायचं मी ठरवलं. पुढचे काही आठवडे त्यातच गेले.

सुरुवात आण्णांच्या कॅसेटपासून करू. कॅसेटमधली ती तपकिरी पट्टी म्हणजे प्लास्टिकच्या फितीवर चिकटवलेला लोहाचा ऑक्साइड. गंजाचा सख्खा भाऊच. फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या माणसानं जर्मनीत १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर असा लोहाचा थर देऊन त्यावर आवाज साठवता येतो हे दाखवलं. कल्पना साधी आहे. लोहाचे बारीक कण म्हणजे बारीक बारीक चुंबक. त्यांची तोंडं वळवायची आणि वळलेली तोंडं पुढे वाचायची. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं याच युक्तीनं चित्र साठवणारं यंत्र बाजारात आणलं, १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीनं व्हीएचएस आणली. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या आसपास आपल्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लग्नाची कॅसेट ही मंगळसूत्राइतकीच आवश्यक वस्तू झाली.

जे चुंबकानं लिहिलंय ते चुंबकानं पुसता येणारच. त्यामुळे त्या काळची भीती शंभर टक्के खरी होती. शूटिंगवाले कॅसेटची पिशवी स्पीकरपासून लांब ठेवायचे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, तिथल्या फडांबरोबर फिरणारे स्पीकर माणसाच्या छातीएवढे. अशा स्पीकरशेजारी कोणी टेप ठेवली असती तर मीही ओरडले असते. टीव्हीच्या काचेजवळ चुंबक नेला की चित्रावर हिरवे-जांभळे डाग पडायचे, हे माझ्या वयाच्या पोरांनी स्वतः करून मार खाल्लेला आहे. फ्लॉपीचंही तेच.

आणि कॅमेरा? एका टप्प्यावर कॅमेरा स्वतःच चुंबकाचा होता. सोनीनं १९८१ मध्ये फिल्म नसलेला कॅमेरा जगाला दाखवला, त्याचं नाव माविका, म्हणजे मॅग्नेटिक व्हिडिओ कॅमेरा. त्यात छोटी चुंबकीय तबकडी होती. १९९७ मध्ये त्याच नावाचा डिजिटल कॅमेरा आला, तो चक्क साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर फोटो ठेवायचा. १९९९ मध्ये, म्हणजे आमचा गाडा पळाला त्या वर्षी, आयबीएमनं काडेपेटीहूनही लहान हार्ड डिस्क काढली, ती कॅमेऱ्याच्या कार्डाच्या खाचेत बसायची. म्हणजे त्या वर्षी आण्णांना कोणी 'कॅमेऱ्याजवळ लोहचुंबक नेऊ नका' असं सांगितलं असेल तर तो माणूस बरोबर होता.

गंमत अशी, की त्याच्या आधीची शंभर वर्षं हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. उलट फोटो आणि चुंबक यांचा एकत्र संसार चालू होता, आणि तो पाहायला आपल्या मुंबईला जावं लागतं.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होऊ लागली. आधी माणसं डोळ्यांनी वाचून आकडे मांडायची. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळानं पृथ्वीचं चुंबकत्व हललं, तेव्हाचे कुलाब्याचे हातानं लिहिलेले आकडे जगभरातले शास्त्रज्ञ आजही काढून बघतात. पुढे १८७० च्या दशकात कुलाब्याला फोटोची यंत्रं आली. अंधारी खोली. टांगलेला चुंबक, त्याला बारीक आरसा. दिव्याचा किरण आरशावर पडून परततो आणि घड्याळाच्या यंत्रानं फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर उमटतो. पृथ्वीचं चुंबकत्व केसभर बदललं तरी आरसा वळतो आणि कागदावरची रेघ सरकते. दिवसचे दिवस, वर्षानुवर्षं, फोटोचा कागद चुंबकांच्या खोलीत राहत होता आणि त्याला काहीही होत नव्हतं. कारण फोटोच्या कागदावर असतात चांदीचे क्षार. त्यांना उजेड कळतो, चुंबक कळत नाही. रोलच्या कॅमेऱ्यालाही चुंबकाचं वावडं नव्हतं. अपवाद एकच, ज्या कॅमेऱ्यांत उजेड मोजायचा काटा होता ते. तो काटा छोट्या चुंबकाच्या जोरावर फिरतो, शेजारी दुसरा चुंबक आला की खोटं बोलतो. दादाच्या वडिलांचा जुना यशिका माळ्यावर आहे, त्याचा काटा मी माउंट जवळ नेऊन नाचवून पाहिला. लांब नेला, काटा जागेवर.

कुलाब्यात भीती होती ती उलटी. चुंबकाला बाकीच्या जगाची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाय मूस यांच्यापुढे पेच पडला. रुळांतून वाहणाऱ्या विजेनं त्यांची रेघ कायमची थरथरत राहिली असती. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारत अशी, की बांधकामात लोखंड येऊ द्यायचं नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी रेघ आणि नवी रेघ एकमेकींना जोडता येईल. आमच्या धंद्यात जुनं सर्व्हर बंद करण्याआधी काही दिवस नवं-जुनं सोबत चालवतात, त्याला आम्ही फार भारी नावं देतो. मूससाहेबांनी ते दोन वर्षं केलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबाग अजून चालू आहे.

असाच उलटा प्रकार आमच्या शेजारीही आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० अँटेना, अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ऐकत बसलेल्या. आठवीत असताना विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेलो होतो तेव्हा सरांनी आधीच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. तिथं यंत्राला धोका तुमच्या खिशातल्या वस्तूचा. 'अमुक सुरक्षित आहे का' असं कोणी विचारलं की मला तेव्हापासून पुढचा प्रश्न पडतो, कुणापासून कुणाला?

आता आजचा कॅमेरा. तो लोहावर काही लिहीत नाही. कार्डातली चिप म्हणजे काचेसारख्या आवरणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचे कोट्यवधी कप्पे. बाहेरचा साधा चुंबक त्यांना बाहेर काढू शकत नाही. समोरचा सेन्सरही सिलिकॉनचा, त्यालाही फरक पडत नाही. म्हणून आण्णांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की माउंटच्या चुंबकानं कार्डातला फोटो पुसत नाही. एकही नाही.

पण भीतीनं घर बदललंय, सोडलेलं नाही. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात आता कॅमेऱ्याच्या आतच चुंबक असतात. भिंग किंवा सेन्सर त्या चुंबकांवर तरंगत असतो आणि तो कुठं आहे हे चुंबकत्व मोजणारे सेन्सर सांगतात. फोनमध्ये हे सगळं मागच्या काचेपासून दोन-चार मिलिमीटरवर. तिथं जोरदार चुंबक चिकटवला तर फोकस अडखळतो, चित्र थरथरतं. ॲपलनं स्वतःच्या सूचनांमध्ये हे लिहिलेलं आहे. चुंबक काढला की फोन पूर्ववत होतो. मोठ्या कॅमेऱ्यात माउंट खाली असतो, स्क्रू आणि चकतीच्या पलीकडे, आणि चुंबकाचा जोर अंतराबरोबर भराभर मरतो. अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठवा हिस्सा. ड्रोनचं मात्र वेगळं आहे. त्याला होकायंत्र असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ड्रोन उडवणाऱ्या पोरांनी ते लक्षात ठेवावं, आणि हृदयात पेसमेकर असलेल्या आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात हा माउंट ठेवायला देऊ नये. हे दोन्ही मी गंमत म्हणून लिहीत नाही.

खरा धोका कुठं आहे ते मला दादानं दाखवलं. यात्रेच्या सकाळी त्यानं माउंट हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "हा पुसणार नाही. हा पाडणार."

माउंटच्या डब्यावर लिहिलं होतं, ४० किलो. हा आकडा खरा असतो, पण तो जाड, सपाट, कोऱ्या लोखंडावरून चुंबक सरळ ओढून काढायचा आकडा असतो. घाटाच्या कडेचा पाइप गोल, रंगवलेला, उभा. त्यावर चुंबकाची चकती एका रेघेवर टेकते. आणि कॅमेऱ्याचं वजन त्याला ओढत नाही, खाली घसरवतं. घसरणीला विरोध फक्त घर्षणाचा. आम्ही कांद्याची पिशवी ताणकाट्याला अडकवून पाहिलं. चाळीसच्या पाव भागापर्यंतही गेलो नाही, माउंट पाइपावरून सर्रकन खाली आला. त्यात कॅमेऱ्याची लांब भिंग पुढे झुकलेली, म्हणजे वरच्या बाजूनं सोलून काढल्यासारखा जोर. गाडा जवळून गेला की पाइप हादरतो तो वेगळाच. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तर नकोच. पत्रा पातळ, चुंबकाला पुरेसं लोखंड मिळत नाही, आणि इंजिनाची थरथर. मोटारसायकलच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी फोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलनंच २०२१ मध्ये सांगितलं होतं. डिझेल ट्रॅक्टरबद्दल त्यांना काही विचारलं नसावं.

आणि माती. हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. दादानं माउंट जमिनीवर टेकवून उचलला तर त्याला काळी दाढी आलेली. आम्ही लहानपणी फुटक्या स्पीकरचा चुंबक घोड नदीच्या वाळूत फिरवायचो, तीच काळी पूड. आपला सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण आहेत. काळ्या दगडाची झीज होते तशी ती पूड ओढ्यात, वाळूत, घाटाच्या धुळीत उतरते. माउंट ती गोळा करतो, आपण तोच हात भिंगाला लावतो, आणि मऊ कापडानं पुसताना काचेवर ओरखडे पडतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून मला हे सुचलं नसतं.

या काळ्या पुडीनं मला थोडं भरकटवलं, तेही सांगून टाकते. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेनं गोठतात आणि तसेच राहतात. १९५० च्या दशकात लंडनहून आलेल्या क्लेग, डॉयच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली आणि त्यावरून निघालं, की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. दख्खनच्या बऱ्याच थरांमध्ये तर ही दिशा आजच्या उलटी आहे, कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. म्हणजे शिवनेरीचा कडा आणि आण्णांची कॅसेट यांचं तंत्र एकच. लोहाचा ऑक्साइड, वळलेली तोंडं. कड्याचं रेकॉर्डिंग साडेसहा कोटी वर्षं टिकलं. मग कॅसेटचं पंधरा वर्षांत काय झालं?

हा प्रश्न मी तोवर नीट विचारलाच नव्हता. खोक्यातला स्पीकर, चुंबक शंकूच्या मागे, वर जाड लाकडी फळी. फळीवर ठेवलेल्या कॅसेटपर्यंत चुंबकाचा जो जोर पोचतो, तो टेप पुसायला लागणाऱ्या जोरापुढे किरकोळ असतो. टेप पुसायची तर शेकडो गॉस लागतात. आणि चुंबकानं नुकसान झालंच असतं तर त्याला एक ठरावीक चाल असती. टेप गुंडाळलेली असते. गुंडाळीच्या एका बाजूला चुंबक लागला तर प्रत्येक वेढ्याला एकदा, म्हणजे ठरावीक अंतरानं चित्र बिघडतं, ठीक होतं, परत बिघडतं. २०१४ मध्ये पडद्यावर तसं काही दिसलं होतं का? मी दादाला विचारलं. घाट संपला होता, कॅमेरा सुखरूप होता. नायलॉनच्या दोरीनं पाइपाला बांधूनच लावला होता आणि माउंट दिवसभरात बोटभर घसरला, तो दोरीवर थांबला.

दादा म्हणाला, "एकसारख्या मुंग्या होत्या. चाल-बिल काही नव्हती." मग थोडं थांबून, "कॅसेट माझ्याकडंय."

अकरा वर्षं ती त्याच्या स्टुडिओच्या कपाटात होती, भिंगांच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर. आण्णांनी ती उकिरड्यावर टाकली होती, यानं उचलून नेली. उघडायची हिंमत मात्र झाली नव्हती. आम्ही मोबाइलच्या टॉर्चचा उजेड खिडकीतून आत पाडला. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. वेढ्याला वेढा चिकटलेला. व्हीसीआर बंद पडला तो याच बुरशीनं हेड भरल्यामुळे.

"स्पीकरवर होती तेव्हा कोरडी होती," दादा म्हणाला. "त्यानंतर पेटीत गेली. प्लास्टिकच्या पिशवीत, सुतळीनं गच्च बांधून."

"पेटीत कुणी ठेवली?"

तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिला. लोखंडी पेटी आण्णांची. तिची किल्ली त्यांच्या करगोट्याला असते. भीमाशंकरच्या बाजूनं येणारा चार महिन्यांचा पाऊस, मातीची भिंत, आणि आत कोंडलेली ओल.

"त्यांना सांगू नको," दादा म्हणाला. "जीव लावून बांधली होती त्यांनी."

पुण्यात जुन्या टेपा साफ करून देणारा एक जण आहे. तीन आठवड्यांनी फाइल आली. नऊ मिनिटांतलं चित्र बहुतेक गेलेलं. मुंग्या, आडवे पट्टे, मधेच कुणाचा तरी फेटा, भंडाऱ्याचा पिवळा ढग. बारीच्या वेळी साधारण चार सेकंद स्वच्छ आहेत. घोडी येते, मागे बैल येतात, उजवीकडून दुसरा सोन्या आहे असं आण्णा म्हणतात, मला ओळखू आला नाही. आवाज मात्र जवळजवळ पूर्ण आहे, कारण व्हीएचएसमध्ये तो टेपेच्या कडेला वेगळ्या पट्टीवर असतो आणि बुरशी दुसऱ्या कडेनं चढली होती.

दिवाळीत दादानं ती टीव्हीवर लावली. आण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. मी बुरशीचं सांगितलं, पिशवीचं नाही. त्यांनी मान हलवली, ऐकलं की नाही कळलं नाही. निवेदकाचा आवाज आला, भिर्रर्र, मग नुसता कालवा, मग काहीतरी आकडा.

"सेकंद किती म्हणाला रे तो?" त्यांनी दादाला विचारलं. "परत लाव जरा. आवाज मोठा कर."

दादानं फाइल मागे घेतली.